ऐतिहासिक कादंबऱ्यांनंतर काय वाचावे? आनंदासाठी ललित आणि ललितेतर पुस्तके निवडण्याविषयी

सीनातीर:

नमस्कार. मी सोलापूरची. निवृत्तीनंतर दुपारचा वेळ मोकळा मिळू लागला आणि वाचनालयाची वर्गणी खऱ्या अर्थाने वसूल होऊ लागली. आजवरचे माझे वाचन मुख्यतः ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबऱ्यांचे आहे. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘मृत्युंजय’, ‘पानिपत’ ही पुस्तके मी एकाहून अधिक वेळा वाचली आहेत आणि त्यांनी मला अपार आनंद दिला आहे. अलीकडे मात्र या वळणाची नवी कादंबरी हातात घेतली की पहिल्या काही प्रकरणांतच नायक पुढे कसा बोलेल, दगाफटका कोण करील आणि शेवटचे स्वगत कोणत्या सुरात असेल याचा अंदाज येऊ लागतो आणि मन उडते.

आमच्या वाचनालयातून एका वेळी दोन पुस्तके मिळतात. त्यांतले एक कथा-कादंबरीचे आणि दुसरे ललितेतर असावे, असे मी ठरवले आहे. अडचण या दुसऱ्या पुस्तकाची आहे. ‘वैचारिक’, ‘इतिहास’, ‘समाजशास्त्र’ अशा पाट्या असलेल्या कपाटांतून मोठ्या हौसेने ग्रंथ घरी आणते, पण थोड्याच पानांनंतर परीक्षेचा अभ्यास करायला बसल्यासारखे वाटू लागते. ज्ञानात भर पडावी, व्यक्तिमत्त्व घडावे, असा माझा हेतू नाही. मला वाचनातला आनंद हवा आहे, फक्त तो एकाच चवीचा नको. ‘प्रत्येकाने वाचायलाच हवीत’ अशा याद्या पुष्कळ पाहिल्या, परंतु त्यांत कशानंतर काय वाचावे आणि का, हे कोणी सांगत नाही. आपण पुस्तक कसे निवडता, हे कृपया सविस्तर सांगावे.

आडवाट:

सीनातीरताई, आपल्याला जे आवडते ते सोडून भलत्याच कपाटाकडे जाण्याची गरज नाही, असे मला मनापासून वाटते. ज्या कादंबरीने आपल्याला झपाटले, तिच्याच विषयावरचे ललितेतर पुस्तक आधी घ्यावे. त्यातली माणसे आणि प्रसंग आपल्या ओळखीचे असतात, त्यामुळे अभ्यासाला बसल्याची भावना येत नाही. उलट, ‘हे खरोखर असेच घडले का?’ हा प्रश्न कादंबरी वाचतानाच मनात कुठेतरी उभा राहिलेला असतो आणि त्याचे उत्तर शोधण्यात गोष्टीइतकीच गोडी असते.

आपण ‘मृत्युंजय’ अनेकदा वाचली आहे. ती १९६७ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ही आले. एकाच महाभारताकडे पाहणाऱ्या या दोन पुस्तकांइतके परस्परांहून वेगळे काही क्वचितच सापडेल. कादंबरीत कर्ण तेजस्वी आणि अन्यायाने होरपळलेला आहे, आणि वाचक पहिल्यापासून त्याच्या बाजूला असतो. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक होत्या. त्या कर्णाला तपासतात, त्याच्या चुका मोजतात आणि तरीही त्याचे दुःख नाकारत नाहीत. विशेष म्हणजे हे पुस्तक कोठेही रुक्ष होत नाही. गांधारीवरचा लेख तर कथेच्याच अंगाने लिहिलेला आहे. सगळे संपल्यावर वनात येऊन राहिलेली म्हातारी माणसे, त्यांचे शांतपणे चाललेले बोलणे, आणि इतक्या वर्षांनंतर डोळ्यांवरची पट्टी सोडण्याचा तो प्रसंग वाचताना हे कथा म्हणावे की विवेचन, हा प्रश्नच मनात येत नाही. दहा-बारा दिवसांत संपेल एवढेच ते पुस्तक आहे. ते आवडले तर दुर्गा भागवतांचे १९६२ सालचे ‘व्यासपर्व’ घ्यावे. त्याच व्यक्तिरेखा तेथे अगदी निराळ्या, काव्याच्या जवळ जाणाऱ्या दृष्टीने पाहिलेल्या आहेत.

‘पानिपत’ कादंबरीनंतर त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचे ‘पानिपत : १७६१’ मिळाल्यास अवश्य पाहावे. त्यांनी सैन्याची संख्या, रसद, नद्यांचे उतार, दोन्ही बाजूंचे डावपेच यांचा कसून ऊहापोह केला आहे आणि सदाशिवरावभाऊंवर झालेल्या दोषारोपांचा कळकळीने प्रतिवाद केला आहे. ते मुळीच अलिप्त इतिहासकार नाहीत. त्यांना राग येतो, दुःख होते, आणि म्हणूनच ते वाचनीय आहेत. पहिल्या वाचनात सगळ्या तळटीपा वाचण्याचा हट्ट धरू नये. लढाईच्या आदल्या काही महिन्यांत मराठ्यांच्या छावणीत धान्याची कशी टंचाई झाली, एवढा एकच धागा धरून वाचत गेले तरी कादंबरीत ओझरते येऊन गेलेले कितीतरी प्रसंग नव्याने समजतात.

वैनगंगा:

आडवाट यांनी सुचवलेली पुस्तके उत्तमच आहेत, परंतु त्यांच्या पद्धतीविषयी मला एक शंका आहे. कादंबरीशेजारी त्याच विषयाचे पुस्तक ठेवत गेल्यास विषय तोच राहतो. ताईंना चवीत पालट हवा आहे आणि पेशवाई किंवा महाभारत यांभोवतीच आणखी वर्षभर फिरत राहिल्याने तो कसा मिळेल? माझ्या मते विषय पाहूच नये. पुस्तक उघडावे, मधलीच दोन पाने वाचावीत आणि त्यांतून कोणी माणूस आपल्याशी बोलत आहे असे जाणवले, तर ते घरी न्यावे.

या दृष्टीने मराठीतील आत्मचरित्रांइतके समृद्ध दालन दुसरे नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण झालेले नव्हते, आणि त्यांची वाक्ये आजही ताजी, छोटी आणि थेट आहेत. सोवळ्याओवळ्याचा अतिरेक करणारे वडील, कवी असलेला लहरी नवरा, त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरची ताटातूट, आणि मग स्वतःच्या मनातली जातिभेदाची भिंत हळूहळू कशी कोसळली, हे सर्व त्या अशा सुरात सांगतात की एका पानावर हसू येते आणि पान उलटताच घसा दाटतो. त्यांनी कोणावरही सूड उगवलेला नाही. कादंबरीत जे मिळते ते सारे येथे आहे, आणि वर ते घडलेले आहे.

त्याच ओळीत विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ ठेवावे. वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि १८५७च्या बंडात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरात होता. राणीविषयी आदराने लिहिणारा हा माणूस त्याच सहजतेने जेवणावळी, दक्षिणा आणि लुटारूंनी केलेली नागवण यांविषयीही लिहितो. नायकांच्या चष्म्यातून इतिहास पाहण्याची सवय झालेल्या वाचकाला हा पोटापाण्यासाठी फिरणारा साक्षीदार फार वेगळे जग दाखवतो.

मी विदर्भातली असल्याने आणखी एक आग्रह धरते. कादंबरीच्या जागेवर उद्धव शेळके यांची ‘धग’ ठेवून पाहावी. १९६० सालची ही कादंबरी कौतिक नावाच्या एका कष्टकरी बाईची आहे आणि तिच्यातले संवाद वऱ्हाडीत आहेत. सोलापूरकडच्या वाचकाला सुरुवातीची काही पाने अडखळायला होईल. ती मोठ्याने वाचावीत, म्हणजे कान लवकर सरावतो. राजवाडे, तलवारी आणि स्वगते यांनंतर घर चालवण्यासाठी पै-पैचा हिशेब करणारी ही बाई भेटली, की मोठेपणाची आपली कल्पनाच बदलते.

देवघेव:

मी एका तालुक्याच्या वाचनालयात देवघेव विभागात अनेक वर्षे काम करीत आहे, त्यामुळे पुस्तके निवडताना लोक कोठे अडतात, हे रोज पाहतो. आडवाट आणि वैनगंगा या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. माझा अनुभव असा की पहिली दोन-तीन ललितेतर पुस्तके ओळखीच्या विषयावरची घेतली तर ती पूर्ण वाचली जातात, आणि तेवढी एकदा वाचून झाली की वाचक आपोआप अनोळखी विषयाकडे वळतो.

काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. बहुतेक सभासद कपाटांपाशी जाऊन पाठपृष्ठावरचा मजकूर वाचतात. त्याऐवजी परत आलेल्या पुस्तकांचे टेबल आधी पाहावे. तेथे कोणतीही वर्गवारी नसते; पक्ष्यांवरच्या पुस्तकाला खेटून रहस्यकथा असते आणि तिच्याखाली एखाद्या डॉक्टरचे अनुभवकथन. ज्या पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के दाटीने आहेत ते लोकप्रिय, हे उघडच आहे. परंतु ज्यावर दर वर्षी दोन-तीनच शिक्के, पण वीस वर्षे सातत्याने आहेत, ते पुस्तक मी नव्या वाचकाला विश्वासाने देतो. प्रस्तावना शेवटी वाचावी, कारण पुष्कळ ललितेतर पुस्तके त्यांच्या प्रस्तावनेतच सोडली जातात.

दुसरे साधन दिवाळी अंकांचे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा आहे. चांगल्या अंकात कथा, रिपोर्ताज (म्हणजे प्रत्यक्ष पाहून लिहिलेला वृत्तांत), व्यक्तिचित्र, प्रवासवर्णन आणि एखादा विज्ञानविषयक लेख हे सारे एकत्र मिळते. ज्या लेखकाचा लेख आवडला, त्याचे नाव वहीत टिपून ठेवावे आणि मग त्याचे पुस्तक मागावे. पुस्तक नेऊन निराश होण्यापेक्षा हा मार्ग बरा, आणि जुने अंकही बहुतेक वाचनालयांत सहज मिळतात.

एका मुद्द्यावर मात्र थोडे थांबून लिहावेसे वाटते. ‘आनंदासाठी वाचायचे आहे’ असे सांगणाऱ्या सभासदांना आम्ही दलित आत्मकथने सुचवायला बिचकतो, आणि हे योग्य नाही. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली ग्रंथालीने प्रसिद्ध केले. त्यात दुःख आणि अपमान आहेत, पण त्याची रचना पाहावी: दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो आहे, म्हणजे शिकून शहरी झालेला लेखक आपल्याच मागे राहिलेल्या रूपाशी बोलतो आहे. मुंबईतल्या कावाखान्याची वस्ती, तेथली माणसे, त्यांची भांडणे आणि माया हे इतक्या जवळून लिहिले आहे की ती गल्ली आपण स्वतः चालून आल्यासारखी वाटते. अशा लेखनाने करमणूक होत नाही. परंतु वाचनाचा आनंद करमणुकीपुरताच असता तर शोकांतिका कोणी वाचल्याच नसत्या. एवढेच पथ्य पाळावे की असे पुस्तक नेताना दुसऱ्या हातात हलकेफुलके काही असावे. प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथा त्यासाठी उत्तम. ‘वनवास’पासून सुरुवात करावी. शब्दांशी खेळणाऱ्या आणि वाटेत दिसेल ते न्याहाळत जाणाऱ्या त्या मुलाच्या संगतीत मन पुन्हा स्वच्छ होते.

आडवाट:

वैनगंगा यांच्या शंकेत तथ्य आहे, हे मान्य करतो. तरीही जोडीने वाचण्याचा अर्थ विषय तोच ठेवणे एवढाच नाही, हे एका उदाहरणाने सांगतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या. माणदेशातल्या धनगरवस्तीवर नेमला गेलेला तरुण मास्तर, मेंढरांमागे गेल्यामुळे शाळेत न येणारी मुले, वस्तीचा शब्द चालवणारा म्हातारा कारभारी आणि अखेरीस दुष्काळाने ओस पडणारे गाव, एवढाच तिचा पसारा. ती वाचल्यानंतर त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ सालचे ‘गावगाडा’ चाळले, तर बलुतेदार, वतने, काळी-पांढरी (म्हणजे शेतजमीन आणि वस्तीची जागा) आणि गावोगाव हिंडणाऱ्या जाती यांची सगळी घडण समोर उलगडते. आत्र्यांची भाषा जुनी आहे आणि गावाविषयीची त्यांची काही मते आज पटणार नाहीत. म्हणून ते सलग न वाचता, हव्या त्या प्रकरणापासून वाचावे. सोलापूरकरांना तर माणदेश काही दूर नाही, तेव्हा या दोन पुस्तकांतले पुष्कळ शब्द ताईंच्या कानांवरून आधीच गेलेले असतील.

सीनातीर:

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. इतक्या आस्थेने लिहिलेली उत्तरे मिळतील, असे वाटले नव्हते. ‘युगान्त’ आमच्या वाचनालयात आहे, असे आजच विचारून आले. ते आणि ‘धग’ अशी पहिली जोडी मी ठरवली आहे. माणदेशाविषयी आडवाट म्हणाले ते अगदी खरे आहे. माझे आजोळ सांगोल्याकडचे असल्याने ‘बनगरवाडी’ आजवर कशी राहून गेली, याचे आता आश्चर्य वाटते. ‘बलुतं’ही नक्की वाचणार आहे, आणि देवघेव यांनी सांगितल्याप्रमाणे सोबत ‘वनवास’ असेल.

दोन शंका उरल्या आहेत. ‘माझा प्रवास’च्या अनेक आवृत्त्या दिसतात, त्यांतली कोणती घ्यावी? आणि दुर्गाबाईंचे ‘ऋतुचक्र’ मी पूर्वी दोनदा अर्धवट सोडले आहे. ते कसे वाचावे?

वैनगंगा:

‘माझा प्रवास’ प्रथम चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले, मात्र त्यात त्यांनी स्वतः बरेच फेरफार केले होते. मूळ हस्तलिखिताला धरून असलेली प्रत दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ साली आली. तीवर आधारलेली आवृत्ती मागावी. भाषा थोडी जड जाईल, परंतु विष्णुभटांचा स्वतःचा आवाज तिच्यातच ऐकू येतो.

देवघेव:

‘ऋतुचक्र’ सलग वाचण्याचे पुस्तकच नाही, म्हणून ते दोनदा सुटले यात नवल नाही. चैत्रापासून एकेका महिन्यावर एकेक लेख, अशी त्याची मांडणी आहे. शक्य असल्यास ते विकत घ्यावे, कारण वाचनालयाच्या मुदतीत ते बसत नाही. चैत्राची वाट पाहत थांबू नये. सध्या जो मराठी महिना चालू असेल त्याचा लेख काढावा, एका दुपारी तेवढाच वाचावा आणि पुस्तक बंद करून ठेवावे. पुढच्या महिन्यात त्यापुढचा लेख. मधल्या काळात रस्त्याकडेच्या झाडांकडे, त्यांच्या पालवीकडे आणि आभाळाच्या रंगांकडे आपले लक्ष जाऊ लागते, आणि मग दुर्गाबाईंनी काय टिपले आहे ते पडताळून पाहण्यासाठी तोच लेख पुन्हा उघडावासा वाटतो.