टॅरिफचे कारण आणि कंत्राटी कामगारांची घटलेली मजुरी : चाकणमधील एक प्रश्न

टाइमऑफिस_चाकण (नोव्हेंबर २०२५)

मी चाकणजवळच्या एका फोर्जिंग व मशीनिंगच्या कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. आमच्याकडे अवजड ट्रकचे फ्रंट ॲक्सल बीम आणि स्टिअरिंग नकल तयार होतात व त्यांतला मोठा भाग अमेरिकेला जातो. कायम कामगारांपेक्षा ठेकेदारांमार्फत आलेली मुले संख्येने जास्त आहेत. त्यांचे मस्टर (हजेरीपट), ओटीचे म्हणजे जादा कामाचे तास आणि ठेकेदारांची बिले तपासणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे पुढील आकडे ऐकीव नाहीत.

एकाच मुलाचे उदाहरण देतो. तो लातूरकडचा, आयटीआय झालेला, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर काम करणारा आहे. जूनमध्ये ६०० रुपये रोजाने त्याचे २६ दिवस भरले, तासाला ७५ रुपयांप्रमाणे ४० तास ओटी झाला, १,००० रुपये हजेरी भत्ता मिळाला आणि पीएफ, ईएसआय (कामगार विमा) व व्यवसाय कर वजा जाता हातात सुमारे साडेसतरा हजार रुपये आले. सप्टेंबरमध्ये रोज तोच होता, परंतु तिसरी पाळी बंद झाली आणि ऑर्डर नाही म्हणून कंपनीने सहा दिवस लाइन बंद ठेवली. त्यामुळे २० दिवस भरले, ओटी झालाच नाही आणि २६ दिवस न भरल्याने हजेरी भत्ताही गेला. हातात सव्वादहा हजार आले. ऑक्टोबरमध्ये सात महिने पूर्ण झाल्याने त्याला ब्रेक दिला गेला, म्हणजे काही काळ कामावरून कमी केले गेले, आणि दिवाळीनंतर तो दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर परत आला तेव्हा रोज ५६० रुपये झाला होता. मशीन तेच आहे आणि ड्रॉइंगही तेच आहे.

सूचना फलकावर कारण लिहिले आहे ते अमेरिकेच्या टॅरिफचे. २७ ऑगस्टपासून भारतीय मालावर एकूण ५० टक्के शुल्क लागू झाले हे खरे आहे. मात्र १ नोव्हेंबरपासून अवजड ट्रक व त्यांच्या सुट्या भागांसाठी वेगळा २५ टक्क्यांचा दर आला असून आमचा माल आता त्यात मोडतो, असे आमच्या निर्यात विभागाकडून समजले. शुल्क वाढले तेव्हा मजुरी खाली आली. ते निम्मे झाल्यावर ती वर येईल का? आणि या मुलांना कायद्याने काही मागता येते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

भोसरी_मशीनशॉप

माझे भोसरीत ३५ माणसांचे युनिट आहे. मी थेट निर्यात करत नाही. निर्यात करणाऱ्या मोठ्या कंपनीला मशीनिंग करून देतो, म्हणून हा दाब कसा खाली उतरतो ते मला जवळून दिसते.

आयातशुल्क भरतो तो अमेरिकेतला आयातदार. पण तो लगेच पत्र पाठवतो की या बोजातला काही वाटा पुरवठादाराने उचलावा. पुरवठादाराकडे कमी करण्यासारखे असते किती? स्टीलचा दर बहुतेक करारांत बाजारभावाशी बांधलेला असतो, विजेचा दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. जॉबवर्कचा दर आणि ठेकेदाराचे बिल हेच काय ते हातात राहते. ऑगस्टमध्ये मला प्रत्येक नगामागे चार टक्के कमी घेण्यास सांगण्यात आले. मी ते मान्य केले, कारण न केल्यास काम शेजारच्या गाळ्यात गेले असते. त्याचा भार मी माझ्या माणसांवर टाकला हे मी लपवत नाही आणि त्याचे मला वाईट वाटते.

तरीही सगळा दोष टॅरिफच्या माथी मारणे बरोबर नाही. अमेरिकेत अवजड ट्रकची मागणी २०२५ मध्ये टॅरिफ नसते तरीही मंदच राहिली असती. मालवाहतुकीचे दर तिथे बराच काळ पडलेले होते आणि वाहतूकदार नवे ट्रक घेणे पुढे ढकलत होते. उलट इथे २२ सप्टेंबरला छोट्या गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि देशांतर्गत गाड्यांचे भाग बनवणाऱ्या लाइनवर दिवाळीत ओटीला माणसे कमी पडली. एकाच औद्योगिक वसाहतीत, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना असे चित्र होते. ट्रकच्या बीमचा प्रेस छोट्या गाडीच्या भागांकडे वळवता येत नाही, त्यामुळे मुलगा कोणत्या गेटमधून आत जातो यावर त्याची कमाई ठरली.

शुल्क उतरल्यावर दर परत मिळेल का, याचे माझ्या अनुभवातून उत्तर द्यायचे तर आपोआप मिळणार नाही. कमी झालेला दर पुढच्या वाटाघाटीत मूळ दर म्हणून धरला जातो. शिवाय जपान आणि युरोपीय संघाच्या मोटारगाड्या व त्यांच्या भागांसाठी अमेरिकेने २०२५ मध्ये १५ टक्क्यांचा दर मान्य केला, त्यामुळे पंचवीस टक्क्यांवरही खरेदीदार त्या पंधराकडे बोट दाखवत राहील.

कामगार_कायदा_पुणे

मी कामगार न्यायालयात कामगारांच्या बाजूने वकिली करतो. पुढे दिलेले केंद्रीय कायदे २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू होण्यापूर्वीचे आहेत. इथले महिने त्याआधीचे असल्याने तेच पाहावे लागतात. प्रश्नकर्त्यांनी दिलेल्या आकड्यांत एक गोष्ट त्यांच्याही नजरेतून निसटलेली दिसते, ती आधी सांगतो. ६०० रुपये रोजाचा आठ तासांनी भागाकार केला तर तासाला ७५ रुपये होतात आणि ओटीही ७५ रुपयांनीच दिला गेला आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ नुसार ओटीचा दर दुप्पट, म्हणजे निदान १५० रुपये हवा होता. जूनच्या एका महिन्यातच त्या मुलाचे ३,००० रुपये बुडाले आहेत आणि तेव्हा ५० टक्क्यांचे शुल्क आलेलेही नव्हते. टॅरिफपूर्वीची मजुरी पूर्ण होती आणि नंतर ती घटली, असे समजून आपण चर्चा केली तर मूळ दुखणे बाजूला राहील.

आता बंद ठेवलेल्या सहा दिवसांविषयी. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २५-सी नुसार ५० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात ले-ऑफ दिल्यास (काम नसल्याने कामगारांना तात्पुरते बसवून ठेवल्यास) मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते, पण त्यासाठी एक वर्षाची सलग सेवा लागते आणि ती मोजताना वर्षात २४० दिवस काम झालेले पाहिले जाते. सात महिन्यांचे गणित इथे येते. महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांच्या (कारखान्यातील नोकरीच्या नमुना नियमांच्या) खंड ४-सी नुसार बदली (गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेल्या) किंवा तात्पुरत्या कामगाराने मागील बारा महिन्यांत २४० दिवस भरले तर त्याला कायम करावे लागते. सात महिन्यांचे दिवस २४० च्या अलीकडे थांबतात, म्हणून ब्रेक सातव्या महिन्यात येतो आणि एकाच फटक्यात कायम होण्याचा, ले-ऑफ भरपाईचा व कामावरून काढल्यास मिळणाऱ्या नुकसानभरपाईचा असे तिन्ही मार्ग बंद होतात.

आपल्या राज्यात यावर एक वेगळा कायदा आहे, महाराष्ट्र कामगार संघ मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम, १९७१. त्याच्या चौथ्या अनुसूचीतील सहाव्या बाबीनुसार कायमपणाच्या लाभांपासून वंचित ठेवण्याच्या हेतूने कामगारांना वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरते ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा ठरते. अडचण अशी की सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सिप्ला प्रकरणात म्हटले, की मालक-कामगार नातेच वादात असेल तर या कायद्याखालील तक्रार चालणार नाही. आधी ते नाते औद्योगिक विवादातून सिद्ध करावे लागेल. ठेकेदाराचे नाव मध्ये असले की कंपनी ते नाते नाकारते आणि प्रकरण कित्येक वर्षे लांबते. त्याच वर्षी स्टील ऑथॉरिटी प्रकरणाचाही निकाल आला व कंत्राटी पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप मुख्य मालकाचे, म्हणजे काम करवून घेणाऱ्या कंपनीचे, होत नाहीत हे स्पष्ट झाले. मी पक्षकारांना खोटी आशा दाखवत नाही, म्हणून हे मोकळेपणाने लिहिले.

तरीही हाताशी असलेल्या काही गोष्टी आहेत. कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० च्या कलम २१(४) प्रमाणे ठेकेदाराने मजुरी दिली नाही किंवा कमी दिली, तर फरक भरण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. त्याच कायद्याखालील नियमांत परवान्याची अट आहे, की कंत्राटी कामगार मुख्य मालकाच्या कामगारांसारखेच काम करत असेल तर वेतनही तेच असावे. मात्र महाराष्ट्रात हा कायदा २० ऐवजी ५० कामगारांपासून लागू होतो, आणि त्यामुळेच एकाच शेडमध्ये चाळीस-चाळीस मुलांचे तीन ठेकेदार दिसतात. फरकाची मागणी करायची तर पुरावा लागतो : वेतनचिठ्ठी, गेटपास, पीएफच्या पासबुकातील नोंदी. ठेकेदार बदलला तरी यूएएन (कामगाराचा पीएफ क्रमांक) तोच राहतो, त्यामुळे एका कामगाराने एकाच जागी किती ठेकेदारांखाली काम केले हे त्या पासबुकातच दिसते. मालकाचा १२ टक्के हिस्साही मुलाच्याच रोजातून कापला जात नाही ना, हेही त्यात पाहून घ्या.

मिशिगनवासी

मूळचा निगडीचा, अनेक वर्षे डेट्रॉइटच्या परिसरात पुरवठा साखळीत नोकरी करतो. इथल्या कामगारांच्या रक्षणासाठी टॅरिफ आहे असे सांगितले जाते आणि मार्च २०२५ मध्ये युनायटेड ऑटो वर्कर्स या वाहन कामगार संघटनेचे अध्यक्ष शॉन फेन यांनीही गाड्यांवरील शुल्काला पाठिंबा दिला. परंतु इथल्या तात्पुरत्या कामगारांची मजुरी वाढली ती शुल्काने नव्हे. २०२३ च्या संपापूर्वी जनरल मोटर्समध्ये तात्पुरता कामगार ताशी १६.६७ डॉलरवर आणि स्टेलांटिस या दुसऱ्या मोटार कंपनीत १५.७८ डॉलरवर लागत असे. शेजारी तेच काम करणारा जुना कायम कामगार ३२ डॉलर घेत असे. १५ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेला संप सहा आठवडे चालला आणि करारात तात्पुरत्यांचा प्रारंभीचा दर २१ डॉलर झाला. ठरावीक महिन्यांनंतर कायम करण्याची अटही मान्य झाली. कायम कामगारांनी तात्पुरत्यांची मागणी आपल्या मागणीपत्रात घातली होती, म्हणून ते घडले. चाकणमधील कायम कामगारांच्या संघटना वेतन करार करतात तेव्हा ठेकेदाराच्या मुलांचा विषय त्यात असतो का, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

सात_महिने_पाचव्यांदा

मी अशाच एका प्लांटमध्ये आहे आणि हा माझा पाचवा ब्रेक होता. आमच्या युनियनच्या करारात आमचा विषय नव्हता. कायम कामगार आमच्याशी चांगले वागतात, जेवायला बोलावतात, पण करार त्यांचाच असतो. सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाचे तास नऊवरून बारापर्यंत नेण्यास मंजुरी दिली तेव्हा गावाकडून भावाने फोन करून विचारले, आता ओटी जास्त मिळेल ना. त्या महिन्यात माझे एकोणीस दिवस भरले होते. खोलीचे भाडे, मेसचे पैसे आणि गावी पाठवायचे पैसे यांतले मेसचेच कमी करता येतात, ते मी केले.

टाइमऑफिस_चाकण

सर्वांचे मनापासून आभार. ओटीच्या दराविषयी वकीलसाहेबांनी दाखवून दिलेली चूक माझ्याच तपासणीतून गेलेल्या बिलांमध्ये आहे. ठेकेदाराच्या बिलात कंपनीकडून ओटी दुप्पट दरानेच आकारला गेला आहे आणि मुलांना तो एकपटीने दिला गेला आहे, हे काल मी जूनचे बिल व वेतनपत्रक शेजारी ठेवून पाहिले. आतापर्यंत मी फक्त तास जुळतात का एवढेच पाहत होतो. एप्रिलपासूनच्या सर्व बिलांचा तक्ता मी तयार करायला घेतला आहे. तो आधी पर्सोनेल विभागाला लेखी द्यावा, की थेट कामगार उपायुक्त कार्यालयात, याबद्दल वकीलसाहेबांनी कृपया मार्गदर्शन करावे. कायम कामगार असल्याने माझी नोकरी लगेच जाणार नाही, पण त्या मुलांचा पुढचा गेटपास त्याच ठेकेदाराच्या हातात आहे.

कामगार_कायदा_पुणे

आधी लेखी पर्सोनेलला द्या, पोच घ्या आणि कलम २१(४) चा उल्लेख करा. कोणत्याही एका मुलाचे नाव वेगळे काढू नका. संपूर्ण ठेक्याचा तक्ता द्या, म्हणजे कोणा एकावर राग निघणार नाही. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच पत्राची प्रत कामगार उपायुक्तांकडे द्यावी. तोपर्यंत मुलांना आपापल्या पीएफ पासबुकाची प्रत काढून ठेवण्यास सांगा.