मदत हवी आहे: लोंगजिंग चहा कडू का होतोय?

दादा कामासाठी चीनमध्ये हांगझोऊला गेला होता, येताना तीन सुटे चहा घेऊन आला. तिथलाच लोंगजिंग (हिरवा चहा), फुजियानचा तिएग्वानयिन (ऊलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्याच्या मधला) आणि युन्नानचा पुअर (मुरवलेला चहा). आमचं घर आलं-गवती चहावालं, त्यामुळे पहिल्या दिवशी आईने लोंगजिंग चक्क पातेल्यात खळखळ उकळला. कडूजहर!

आता झाकणाच्या कपात करतेय. तिएग्वानयिन मस्त जमला. ५ ग्रॅम घट्ट गोळ्या, उकळतं पाणी, २०-२५ सेकंदांत गाळायचा. त्याच पानांच्या पाचव्या पाण्यालाही फुलांचा वास येतो, आणि तळाशी अख्खी पानं उलगडलेली दिसतात.

घोडं अडलंय लोंगजिंगपाशी. १५० मिली पाण्याला ३ ग्रॅम पानं, तीन मिनिटं ठेवते. पाणी ८० अंशांचं हवं म्हणतात, पण थर्मामीटर नाही. उकळल्यावर पाच मिनिटं थांबते एवढंच. तरी जीभ तुरट होते. वेळ कमी करू की पानं?

पुअरला बंद माळ्यासारखा वास येतो, पहिलं पाणी ओतून दिलं तरी. तो असाच असतो की दमट झालाय? आम्ही रत्नागिरीत राहतो, पावसाळ्यात पापडसुद्धा टिकत नाहीत. डबा कुठे ठेवू? फ्रीजमध्ये बोंबील आहेत.