मदत हवी आहे: रविवारच्या स्पर्धेत जपानी पोकेमॉन कार्डं चालू द्यावी का नको? (सांगली)

हळदबाजार:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. विश्रामबागला एका मित्राच्या क्लासचा हॉल रविवारी रिकामा असतो, तिथं आम्ही वर्षभर पोकेमॉन कार्डांची छोटी स्पर्धा घेतोय. १६-१८ जण येतात, पाचवीच्या पोरापासून बँकेतल्या काकांपर्यंत, फी ५० रुपये, जिंकणाऱ्याला कार्डांचं एक पाकीट आणि सगळ्यांना भडंग. जज, हिशेबनीस, खुर्च्या लावणारा सगळं मीच.

तर गेल्या रविवारी शेवटच्या राऊंडला राडा झाला. एका नववीतल्या पोराचा मामा पुण्यात कंपनीत आहे, तो ओसाकाला जाऊन आला आणि येताना भाच्याला जपानी पाकिटं घेऊन आला. पोरानं त्यातली १४-१५ कार्डं डेकात (खेळायच्या गड्डीत) घातली. समोर तासगावचा एक मुलगा, गप्प खेळणारा, पण डोकं चालतं. खेळता खेळता त्यानं समोरच्याच्या डिस्कार्डमधली (वापरून टाकलेली) कार्डं मोजली आणि मला हाक मारली, "दादा, ह्यानं अल्ट्रा बॉल पाच वेळा टाकला." आता ६० कार्डांच्या डेकात एका नावाची जास्तीत जास्त चार, बेसिक एनर्जी (हल्ल्यासाठी पोकेमॉनला लावायची साधी कार्डं) सोडून, हे सगळ्यांना माहितीय. मी बघितलं तर तीन इंग्रजी आणि दोन जपानी. पोरगा म्हणतो, "ते अल्ट्रा बॉल नाहीत, हायपर बॉल आहेत, माझ्या ताईनं वाचून दाखवलंय." आणि खोटं बोलत नव्हता हो! मी मोबाईलचा कॅमेरा धरला तर भाषांतरात पण हायपर बॉलच आलं. ते अल्ट्रा बॉलच आहेत हे चित्र जुळवून शोधायला मला १२ मिनिटं लागली, तोवर बाकीच्या टेबलांवरचे पण उठून भोवती गोळा झालेले.

शेवटी मी बरोबरी दिली. तासगावचा नाराज, नववीतला रडला, त्याचे वडील म्हणाले आधी नियम लिहून का नाही लावला. बरोबरच आहे त्यांचं, मला पण पटलं, पण त्यावेळी मी जरा चढ्या आवाजात बोललो.

आता इथं कोण असा खेळ चालवत असेल तर सांगा. सरसकट बंदी घालू, का डेकात अमुक इतकीच चालतील असा आकडा ठरवू, का आणखी काही करता येतं? बंदी घातली तर मामानं आणलेल्या कार्डांचं ते पोरगं काय करणार हा पण प्रश्न आहेच.

मिरजेचा_तंबोरा:
बंदी. विषय संपला. अधिकृत स्पर्धांमध्ये त्या त्या देशासाठी भाषा ठरवून दिलेल्या असतात, त्याबाहेरचं कार्ड डेकात चालत नाही. आपली पोरं उद्या पुण्या-मुंबईला मोठ्या स्पर्धेला गेली आणि दारातच डेक बाद झाला तर बिल तुमच्याच नावावर फाडतील की सांगलीत तर चालायचं म्हणून.

आणि एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही, जपानी कार्डाची मागची बाजू वेगळी असते. पारदर्शक स्लीव्ह (कार्डाचं प्लॅस्टिक कव्हर) घातली की गड्डीत पुढचं कार्ड जपानी आहे का इंग्रजी हे न उचलता कळतं. म्हणजे पत्त्यांवर खूण करून खेळल्यासारखंच झालं की.

हळदबाजार:
मागची बाजू! खरंच डोक्यातच आलं नव्हतं. स्लीव्ह निळ्या होत्या, आरपार दिसत नव्हतं, पण उद्या कोण साध्या घालून आलं तर मी काय बघणार होतो. धन्यवाद भावा.

पेढेवाला_सातारा:
आम्ही साताऱ्यात सहाच जण आहोत त्यामुळं स्पर्धा कसली, राजवाड्याजवळ एकाच्या घरी जमतो. पण मी मॅजिक (असाच दुसरा कार्डांचा खेळ) पण खेळतो म्हणून सांगतो, तिथं बरोब्बर उलटं आहे. मॅजिक १९९३ पासून आहे, पुढं जपानी, रशियन, कोरियन, पोर्तुगीज अशा डझनभर भाषांत छापलं गेलं, मागची बाजू सगळ्यांची एकसारखी, आणि स्पर्धेत कुठल्याही भाषेतलं कार्ड चालतं. कारण कार्डावर काय छापलंय ह्याला तिथं शेवटचा मान नाही, प्रत्येक कार्डाचा अधिकृत इंग्रजी मजकूर वेगळा ठेवलेला असतो, शंका आली की जजला विचारायचं. फक्त समोरच्याला वाचता येत नाही ह्याचा फायदा उठवून फसवायचं नाही.

यु-गी-ओह हा तिसरा कार्डांचा खेळ दुसऱ्या टोकाला. जपानचा खेळ वेगळा, इकडचा वेगळा, बंदी असलेल्या कार्डांच्या याद्या सुद्धा वेगळ्या.

आता तुझ्या प्रश्नाचं. आकडा ठरवू नकोस, आम्ही करून बसलोय. "डेकात सहाच परदेशी" असं ठरवलं तर लोकांनी बरोबर सहा अशी घातली की ज्यांच्यावर नुसता मजकूरच मजकूर. किती कार्डं ह्यापेक्षा कसली कार्डं हे बघ. पोकेमॉनच्या कार्डावर एचपी (किती जीव आहे ते) आकड्यात, डॅमेज आकड्यात, एनर्जीची चिन्हं सगळीकडं सारखी, साधा हल्ला असेल तर भाषा येत नसली तरी चालून जातं. ट्रेनर कार्ड (अल्ट्रा बॉलसारखं मदतीचं) मात्र सगळं वाचायचंच काम. तुझा राडा पण ट्रेनर कार्डावरच झाला ना? मग जपानी ट्रेनर बंद, जपानी पोकेमॉन चालू.

मिरजेचा_तंबोरा:
आणि अॅबिलिटी (हल्ल्याशिवायची खास ताकद) असलेले पोकेमॉन? तिथं पण चार-चार ओळी मजकूर असतो की राव.

पेढेवाला_सातारा:
मग अॅबिलिटीवाले पण बंद. मी काय वकील आहे का 😄

भडंग_प्रेमी:
त्या मामांना विचारा परत कधी चाललेत ओसाकाला, मला पण दोन पाकिटं सांगायची होती. जपानी पाकिटात साधारण पाचच कार्डं येतात आणि इंग्रजीत दहा, म्हणून मोजून घ्या, मी पहिल्यांदा फसवलं फसवलं म्हणून दुकानदाराशी भांडलेलो.

दोन_पोरांची_आई:
मी खेळत नाही, माझा धाकटा तुमच्याकडं येतो रविवारी, म्हणून लिहिते. तुम्ही सगळे परदेशी भाषा परदेशी भाषा म्हणताय पण इंग्रजी कधीपासून आपली झाली? माझा मुलगा मराठी माध्यमात सहावीत आहे. त्याची सगळी कार्डं इंग्रजी आहेत आणि त्यातलं एक पण तो धड वाचत नाही, यूट्यूबवर हिंदीत बघून बघून कुठलं कार्ड काय करतं हे चित्रावरनं पाठ केलंय. समोरच्यानं नवीन कार्ड टाकलं की तो मान हलवतो आणि पुढं खेळतो, कारण विचारायची लाज वाटते. घरी येऊन मला सांगतो की त्या काकांनी काय केलं मला कळलंच नाही. मग त्याच्यासाठी जपानी काय आणि इंग्रजी काय.

बंदी घालायची तर घाला, माझं काही म्हणणं नाही, पण आधीच एकदा जत्रेतली सोनेरी कार्डं घेऊन दिलेली ती पहिल्याच रविवारी डुप्लिकेट म्हणून परत आली, मग खरी घ्यावी लागली. दर सहा महिन्यांनी नवीन नियम निघाला तर आम्ही कुठवर पुरे पडायचं तेवढं बघा.

हळदबाजार:
ताई, तुमचं वाचून मी जरा गपच झालो. तो मान हलवतो हे मी बघितलंय, मला वाटायचं त्याला कळतंय. वर्षभर समोर बसून मला हे लक्षात आलं नाही आणि एका जपानी कार्डावरनं मी एवढा धागा काढला. सोनेरी कार्डांबद्दल सॉरी, ती खरंच चालत नाहीत, पण तेव्हा मी सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं.

कातकाना_ताई:
मी मूळ सांगलीची, आता पुण्यात, जपानी भाषेची एन४ परीक्षा झालीय. हायपर बॉलचा गोंधळ वाचून हसू आलं कारण मी पण ह्यात पडलेय. पोकेमॉनची बरीच नावं जपानमध्ये वेगळी आहेत. चारिझार्ड तिकडं लिझार्डन, बुल्बासोर म्हणजे फुशिगिदाने, स्क्विर्टल म्हणजे झेनिगामे. पिकाचू तेवढा पिकाचूच. चेंडूंची तर मजाच, इंग्रजीतला ग्रेट बॉल तिकडं सुपर बॉल आणि अल्ट्रा बॉल तिकडं हायपर बॉल. म्हणजे त्या पोराच्या ताईनं अगदी बरोबर वाचलं होतं आणि तरी पोरगं चुकलं. मोबाईल काय, माणूस काय, अक्षर वाचता आलं म्हणून कार्ड ओळखता येतं असं नाही. कार्डं मुलांसाठी असल्यामुळं अवघड अक्षरांवर वाचायची सोय बारीक छापलेली असते, वाचून लगेच होतं, अडतं ते जुळवण्यात.

जजनं बघायचं म्हणशील तर नंबर बघून शोधू नकोस, जपानी सेट (एकत्र निघणारे कार्डांचे संच) वेगळे असतात, नंबर जुळत नाही. चित्र जुळव, आणि खाली कोपऱ्यात एक छोटं रोमन अक्षर असतं ते बघ, कुठल्या सालची कार्डं आत्ता चालतात ते त्या अक्षरावरनं ठरतं आणि ते जपानी कार्डावर पण तसंच असतं. अजून एक, जपानमध्ये सेट आधी निघतात, इंग्रजीत मागनं येतात. त्यामुळं मामाच्या पाकिटात असं पण कार्ड असू शकतं जे इंग्रजीत अजून आलेलंच नाही, ते कितीही शोधलं तरी सापडणार नाही. अशी तर थेट बाजूला काढ.

तुमच्याकडं नेहमी दिसणाऱ्या ट्रेनर कार्डांचे फोटो पाठव, मी नावं जुळवून देते. आणि ताईंच्या मुलासाठी त्याच कागदावर मराठीत लिहू ना, दोन ओळीत होतं. अल्ट्रा बॉल: हातातली दुसरी दोन कार्डं टाकून द्या, डेकमधला कुठलाही एक पोकेमॉन समोरच्याला दाखवून हातात घ्या, डेक पिसा. झालं.

मिरजेचा_तंबोरा:
कागद चांगलाय, मी झेरॉक्स काढून आणतो. पण पाच अल्ट्रा बॉल कागदानं थांबत नाहीत, त्याला डेकलिस्टच पाहिजे. आल्या आल्या ६० कार्डांची यादी इंग्रजी नावानं लिहून द्यायची, जपानी कार्डाचं इंग्रजी नाव लिहिता आलं नाही तर ते कार्ड बाहेर. हे मला बंदीपेक्षा बरं वाटायला लागलंय, काय करणार.

हळदबाजार:
डेकलिस्ट म्हणजे बारक्या पोरांचा अर्धा तास जाणार, पण घरून लिहून आणा म्हणता येईल.

हळदबाजार (चार दिवसांनी):
तर आत्तापुरतं असं ठरवलंय. जपानी ट्रेनर बंद. जपानी पोकेमॉन चालतील पण अॅबिलिटीवाले नाहीत. बेसिक एनर्जी कुठलीही. स्लीव्ह मागनं आरपार दिसणारी नको, ही अट सगळ्यांना. डेकलिस्ट घरून. आणि २५ ट्रेनर कार्डांचा मराठी कागद प्रत्येक टेबलावर, कोणीही कधीही उचलून बघायचा, त्यासाठी परवानगी मागायची नाही. कातकाना ताईंनी १८ पाठवलीत, सात मी लिहितोय. "तुमच्या विरोधकाचा बेंचवरचा पोकेमॉन" (म्हणजे राखीव बसलेला) ऐवजी मी "समोरच्याच्या बाकावरचा" लिहिलं तर बायको म्हणाली शाळेतला बाक वाटतो, मग बेंचच ठेवलं.

नियम दिवाळीपर्यंत बदलणार नाही, हे त्या ताईंसाठी. नववीतल्या पोराच्या वडिलांना मी मेसेज केला सॉरी म्हणून, निळी टिक आलीय, उत्तर नाही. पण काल पोराचाच फोन आला. "दादा, हायपर बॉल दोन्ही काढले, आता अल्ट्रा बॉल एक कमी पडतोय, कोणाकडं जादा असेल तर सांगा."

माझ्या जुन्या फाईलमध्ये एक आहे. जुनं असलं तरी तेच कार्ड परत छापलंय त्यामुळं चालतं. फक्त ती फाईल २०१९ च्या पुरात भिजलेली, कार्ड वाळलंय पण एक कोपरा फुगलाय. वहीखाली दाबून ठेवलंय दोन दिवस. स्लीव्हमध्ये घातल्यावर हाताला किंचित लागतं, म्हणजे तंबोरा परत म्हणणार खूण आहे म्हणून. कोणाला कार्ड सपाट करायची काही युक्ती माहिती असेल तर रविवारच्या आत सांगा.