कोकणात हायब्रिड एसयूव्ही सांभाळताना : तुमचे अनुभव सांगा

खाडीपलीकडची

काल वेश्वीच्या जेटीवर फेरीची वाट बघत होतो. रांगेत पुढे एक मोठी पांढरी हायब्रिड एसयूव्ही (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी) उभी, आणि तिचं कुटुंब बाहेर उन्हात. दार उघडेना, डिकी उघडेना, रिमोटला काही दाद नाही. आजी तर दगडावर बसल्या होत्या बिचाऱ्या. जमलेले सगळे एकच म्हणत होते, एवढी महागाची गाडी आणि अशी कशी बंद पडली?

मला एकदम आमचं गुहागर आठवलं. गणपतीत आमची अशीच हायब्रिड गाडी अंगणात उभी होती, पाऊस खळत नव्हता, कोणी कुठे बाहेर पडलं नाही. गौरी गेल्या त्या संध्याकाळी सासूबाईंना धाप लागली. ह्यांनी किल्ली घेतली तर गाडी हूं की चूं करेना. पेट्रोल होतं, मोठी बॅटरीही जवळजवळ भरलेली. शेवटी शेजारच्या भाऊंनी रिक्षा काढली. सासूबाई बऱ्या झाल्या, पण त्या संध्याकाळचा धसका माझ्या मनातून गेला नाही.

नंतर नीट समजून घेतलं ते सांगते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मोठी बॅटरी चाकं फिरवते. पण दारं, दिवे, संगणक, आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे रिले, हे सगळं साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. ती उतरली की मोठी बॅटरी कितीही भरलेली असो, तिचा दरवाजाच उघडत नाही. बऱ्याच हायब्रिडमध्ये इंजिन फिरवायचं काम मोठी मोटर करते, म्हणून ही १२ व्होल्टची बॅटरी लहान असते. नुसत्या उभ्या गाडीतही अलार्म, किल्लीचा रिसीव्हर वगैरे तिच्यातून थोडं थोडं घेतच राहतात.

जेटीवर ह्यांनी त्या लोकांना मदत केली. रिमोटच्या पोटात लोखंडी किल्ली असते, तिने ड्रायव्हरचं दार उघडतं. बॅटरी डिकीत असली तरी बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली लाल टोपणाखाली एक टर्मिनल दिलेलं असतं. तिथे मागच्या टेम्पोची वायर लावली आणि गाडी जागी झाली. आजींनी ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

तुमच्याकडे अशा गाड्या असतील, किंवा शेजारीपाजारी असतील, तर लिहा. कोकणात त्यांचं काय काय होतं?

काजूबी

उंदीर. फक्त उंदीर. बाकी सगळं परवडलं.

मळणी झाल्यावर पेंढ्याच्या उडवीशेजारी गाडी लावायची नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. इंजिनची ऊब आणि शेजारी भाताचे दाणे, त्यांना आणखी काय हवं? आमच्या गाडीची सेन्सरची वायर कुरतडली आणि पडद्यावर हायब्रिड सिस्टिम तपासा असा इशारा आला. गावातला मेकॅनिक चांगला आहे, पण बॉनेटखाली नारिंगी वायर बघितल्यावर म्हणाला, वहिनी मी हात लावणार नाही. बरोबरच होतं त्याचं. नारिंगी म्हणजे शेकडो व्होल्ट. ट्रकवर चढवून घाट ओलांडून न्यावी लागली.

आता तंबाखूची पानं ठेवते, डांबरगोळ्या ठेवते, आणि खालून बारीक जाळी बसवून घेतली आहे. जाळीचाच खरा उपयोग झाला.

रातांबा

माका एक सांगा, ही गाडी उभी ऱ्हवली की मरता, चलवली की घासता, मगे तिका करूक काय व्हया? 😄 आमच्या काकान घेतल्यान हा. पण एसी काय मस्त लागता!

घाटवाट

@रातांबा एसीचं खरं आहे. गणपतीला माणगावला अडकलो होतो तेव्हा इंजिन बंद, एसी चालू, मुलं मागे गाढ झोपलेली. या गाड्यांचा एसी इंजिनच्या पट्ट्यावर नसतो, त्याचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. आणि जो रस्ता बाकीच्यांचं पेट्रोल खातो तिथेच ही कमी खाते. थांबत थांबत चाललं की ॲव्हरेज सुधारतं, मोकळ्या रस्त्यावर १०० ने गेलं की उतरतं.

मला घाटाचं लिहायचं आहे. कुंभार्ली उतरताना अर्ध्यात इंजिन एकदम ओरडायला लागलं. पाय ॲक्सिलरेटरवर नाही, तरी आवाज चढतोय. बायको म्हणाली, थांबवा, काहीतरी तुटलंय. तुटलं काही नव्हतं. उतारावर मोटर उलटं काम करून बॅटरी भरत असते आणि तीच गाडीला रोखून धरते. लांब घाटात बॅटरी भरून जाते. मग ती वीज घालायला जागा नाही, म्हणून गाडी इंजिन नुसतं फिरवून त्याच्यावर वेग रोखते. पेट्रोल जळत नसतं. आंबा, आंबोली, फोंडा, कुठेही होईल. ज्या गाडीत 'बी' (उतारावर इंजिनने वेग रोखायचा गिअर) असतो तिने तो घाटाच्या माथ्यावरच टाकावा आणि आवाजाला भिऊ नये. न्यूट्रलमध्ये मात्र कधीही उतरू नका.

साकव

आमचा प्रश्न रुंदीचा. घर पाखाडीच्या टोकाला, दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, आणि गाडी आरशांसकट दोन मीटरच्या वर. आजोबांनी गडगा घातला तेव्हा बैलगाडी जायची एवढंच माप. आता आत शिरलं की सगळे सेन्सर एकदम कोकलतात. गवताचं पातं आलं तरी लाल, करवंदीची जाळी आली तरी लाल. कॅमेऱ्यावर लाल चिखल बसला की तोही आंधळा. मी वडिलांना पुढे उभं करतो आणि त्यांच्या हाताकडे बघून गाडी घेतो.

गडगा पाडायचा विषय निघाला होता. मी नाही म्हणालो. त्याच्यात माझ्या आजोबांचे हात आहेत.

काजूबी

@साकव अगदी योग्य केलंत. गाडी रस्त्याला लावा, चालत या.

तारली

आमच्या आत्याकडे पण असाच गडगा आहे, त्यावर दर पावसाळ्यात आबोली फुलते आणि सासवा-सुना फुलं कोणाची यावरून बोलत नाहीत 😂 असो. विषयावर येते.

खाऱ्या हवेचं कोणी लिहिलंच नाही. आम्ही हर्णैला, समुद्र हाकेच्या अंतरावर. या गाडीचा वेग बहुतेक वेळा मोटरच कमी करते, म्हणून खरे ब्रेक कमी घासले जातात. शहरात ते बरं, ब्रेक पॅड खूप टिकतात. इथे त्याचं उलटं होतं. न घासलेल्या डिस्कवर खारट दमट हवेत रातोरात गंज धरतो. सकाळी गाडी काढली की खर्रर्र आवाज, आणि पावसाळाभर उभी राहिली तर पॅड डिस्कला चिकटूनच बसतात. आम्ही मोकळा सपाट रस्ता बघून, मागे कोणी नाही याची खात्री करून, हळू वेगात काही वेळा जोरात ब्रेक मारतो. गंज निघून जातो. आणि दर काही दिवसांनी गाडीच्या पोटाखाली गोड्या पाण्याचा फवारा.

कृपा करून कोणी पुळणीवर गाडी घालू नका. कर्द्याला दर सुट्टीत कोणाची तरी रुतते. यातल्या मोठ्या गाड्या दोन टनांच्या पुढे जातात, ट्रॅक्टरलाही निघत नाहीत, आणि तोवर भरती येते. कासवं अंडी घालतात त्या वाळूत, ते वेगळंच.

माडाबनातला

प्लग-इनवाले, म्हणजे घरच्या सॉकेटवर चार्ज होणारी हायब्रिडवाले, कोण आहेत? गावातल्या घरी चार्ज होतं का?

आमचं होत नव्हतं. भिंतीला १६ ॲम्पिअरचा नवा सॉकेट घातला, तरी चार्जरच्या डब्यावर लाल दिवा. गाडी बिघडली असं वाटून शोरूमवाल्यांनी ती ठेवून घेतली, तिकडे व्यवस्थित चार्ज झाली. परत आणली, परत लाल. शेवटी वाडीतल्या वायरमनने शोधलं, घराला अर्थिंगच धड नाही. फ्रिज आणि मिक्सर तसेच चालतात, ही गाडी चालत नाही, ती आधी अर्थिंग तपासते. आमचा सगळा कातळ, खाली जांभा, एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठणठणीत. तशा जमिनीत वीज उतरत नाही. त्याने नवा खड्डा नारळाच्या आळ्याजवळ घेतला, कोळसा आणि मीठ भरलं, आणि न्हाणीचं पाणी तिकडे वळवलं. तेव्हापासून हिरवा दिवा. संध्याकाळी सगळीकडे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर लावतो.

त्या वायरमनला गाडीबद्दल काहीच माहिती नव्हती. जमीन माहीत होती. मला त्याचा फार आदर वाटतो.

खाडीपलीकडची

@माडाबनातला हे किती महत्त्वाचं लिहिलंत! आमच्या घरचं अर्थिंग तर चक्रीवादळानंतर कोणी बघितलेलंच नाही.

शेवरी

चक्रीवादळ म्हणालात म्हणून. ३ जून २०२०, निसर्ग. आमची वाडी श्रीवर्धनजवळ. वीज कितीतरी दिवस नव्हती, मुंबईतल्या मुलांना कळवायला फोन चार्ज नाही. वाडीत एकच हायब्रिड होती, लॉकडाऊनमध्ये गावी आलेल्या एका कुटुंबाची, छपराखाली वाचलेली. त्यांनी ती रोज संध्याकाळी 'रेडी'त, म्हणजे चालू स्थितीत, ठेवली आणि सगळ्या वाडीचे फोन लावले. बॅटरी कमी झाली की इंजिन आपोआप थोडा वेळ चालू, मग बंद. तुम्ही सगळे अडचणी लिहिताय, मला तर त्या गाडीला हळदकुंकू लावावंसं वाटलं होतं.

पोफळी सगळ्या आडव्या झाल्या. आता नवी लावलेली कुठे धरायला लागली आहेत.

तारली

@शेवरी 🙏 आमची पण बाग गेली तेव्हा. सुपारीला किती वर्षं थांबावं लागतं ते ज्याचं जातं त्यालाच कळतं.

पाणबुडा

'रेडी'बद्दल एक धोक्याची सूचना, मी या कामात आहे म्हणून लिहितो. ब्रेक दाबून बटण दाबलं की 'रेडी' येतं, आणि तेव्हाच मोठी बॅटरी छोटीला भरते. ब्रेक न दाबता बटण दाबून गाणी ऐकत बसलात तर छोटी उलट उतरते. गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर अधूनमधून तासभर 'रेडी'त ठेवा. पण उघड्यावर. बंद गॅरेजमध्ये किंवा ताडपत्रीने झाकलेल्या मांगरात अजिबात नको. गाडी शांत असते, बंद वाटते, आणि मध्येच इंजिन आपोआप सुरू होतं. तो धूर घरात शिरला तर जीव जाईल.

दुसरं, मागच्या सीटच्या खाली किंवा बाजूला जाळी दिसते तिथून बऱ्याच गाड्यांची बॅटरी हवा घेते. तिच्यावर तांदळाचं पोतं, आंब्याची पेटी, मुलांची दप्तरं टेकवू नका. लाल धूळ तर आपल्याकडे असतेच. पंख्याचा आवाज वाढला की समजा जाळी तुंबली.

पुरात बुडालेली गाडी चालू करायचा प्रयत्न करू नये. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणला लोकांनी घाईने बटणं दाबली आणि वाचू शकले असते ते भागही गेले. हायब्रिड असेल तर स्वतः उघडू पण नका, टो करून न्या. विमा घेताना इंजिनाचं आणि बॅटरीचं जादा संरक्षण आहे का ते आधी वाचा.

साकव

स्टेपनी! कोणी स्टेपनीबद्दल बोला. डिकीत बॅटरी बसवायची म्हणून स्टेपनी काढून टाकली आहे, त्या जागी हवा भरायचा पंप आणि पंक्चर बुजवायच्या फेसाची बाटली. खिळा गेला तर ठीक. हातखंब्याच्या अलीकडे खड्ड्यात टायरची बाजू फाटली, तिथे फेस काय करणार? त्या मापाचा टायर रत्नागिरीत नाही, कोल्हापूरहून यायला दुसरा दिवस उजाडला. आता सुट्टीला येताना एक जादा टायर छपरावर बांधून आणतो.

रातांबा

काकाक सांगलय. काका म्हणता टायर छपरावर बांदलो तर फणस खय बांदू?

घाटवाट

फेरीची एक गंमत राहिली. दाभोळ-धोपावे फेरीत तो पोरगा येऊन सांगतो, गाडी बंद करा. आमची बंदच वाटते, म्हणून तो पुढे जातो, आणि मधेच इंजिन घुर्रकन चालू होतं. म्हणून बटण दाबून पूर्ण बंदच करायची. आणि लॉक करून वर उभं राहिलं की लाटेवर फेरी हलते, गाडीला वाटतं कोणी उचलून नेतंय, आणि अलार्म! सेटिंगमध्ये कलण्याचा सेन्सर तेवढ्यापुरता बंद करता येतो. ओहोटीला रॅम्प उभा होतो, ज्यांच्या गाडीची उंची वाढवता येते त्यांनी वाढवून घ्या, नाहीतर पुढचा बंपर घासतो.

काजूबी

@घाटवाट धोपाव्याला हल्ली शेवटची फेरी कितीला असते? माहेरी जायचंय.

घाटवाट

@काजूबी ऋतूप्रमाणे बदलते, जेटीवर फोन करून विचारा. पावसात भरवसा ठेवू नका.

माडाबनातला

@खाडीपलीकडची मी रविवारी गुहागरला येतोय. तो वायरमनही येईल, विचारलं मी. अर्थिंग तपासायचा मीटर त्याच्याकडे आहे. तुम्ही फक्त कोळसा आणि जाडं मीठ आणून ठेवा. आणि खड्ड्याला पाण्याची जागा कुठे आहे ते सासूबाईंना विचारून ठेवा, त्यांना नक्की माहीत असेल.

खाडीपलीकडची

@माडाबनातला त्या आत्ताच म्हणाल्या, विहिरीच्या पन्हळीखाली, तिथे मे महिन्यातही अळू सुकत नाही. जेवायलाच या दोघंही.