उद्या बांगलादेश : मालदीवच्या ३-० वर किती उड्या मारायच्या?

काळ्या_रानातला
उद्या मंगळवार, २५ मार्च २०२५, संध्याकाळी ७ ला शिलाँगला भारत-बांगलादेश फुटबॉलची मॅच. २०२७ च्या एशियन कपची क्वालिफायर आहे, ग्रुपमधी हाँगकाँग अन् सिंगापूर बी आहेत आणि चौघातनं एकच जाणार, म्हणजे घरची मॅच हातची सोडली की पुढं गणितं मांडत बसायचं. अन् आमचे दोस्त बुधवारपासनं नुसता गुलाल उधळायलेत. रिटायर झालेला सुनील छेत्री परत आला, ३-० जिंकलो, झालं!

अरे मॅच बघितली का नीट? तीन गोल, तिन्ही डोक्यानं. भेकेचा ब्रँडनच्या कॉर्नरवर, लिस्टनचा महेशच्या कॉर्नरवर, छेत्रीचा तेवढा लिस्टनच्या क्रॉसवर. मधनं पास-पास करत डिफेन्स फोडून केलेला एक बी नाही. अन् समोर कोण, तर फिफा रँकिंगमधी १६२ नंबरचा मालदीव. बाकी कोच मार्केझ आल्यापासनचा हिशोब बघा: मॉरिशस ०-०, सीरियाकडून ०-३, व्हिएतनाम १-१, मलेशिया १-१. नोव्हेंबर २०२३ ला कुवेतला हरवलं त्यानंतर थेट आता जिंकलो, १६ महिन्यांनी. याला फॉर्म म्हणत असाल तर मग आमच्याकडं एक सर पडली की दुष्काळ हटला म्हणायचं.

माझा अंदाज १-१. शिव्या घाला.

लातूरकर_९
शिव्या कशाला घालू, पण कॉर्नरवरचा गोल हलका असतो हे कुठनं आणलं राव? पाटीवर ३ चेच ३ लागतात. उलट इतकी वर्षं कॉर्नर म्हणजे बॉल हातनं घालवायची संधी होती आपल्याला, आता दोन घातलेत तर त्यात बी खोट काढायलास.

अन् बांगलादेशविरुद्धचा इतिहास काढ. शेवटच्या तीन मॅचेस. ऑक्टोबर २०१९ कोलकाता १-१, जून २०२१ दोहा २-०, ऑक्टोबर २०२१ सॅफ (दक्षिण आशियाई स्पर्धा) १-१. आपले एकूण गोल चार, त्यातले छेत्रीचे तीन. चौथा आदिल खानचा, तो पण ८८ व्या मिनिटाला कॉर्नरवर. २०२३ च्या एशियाडला २४ वर्षांखालच्या टीममधी बी (तिथं तीन मोठ्या वयाचे चालायचे) छेत्रीनंच पेनल्टी मारून १-० केलं होतं. मग त्याला बोलावलं तर काय चुकलं?

काळ्या_रानातला
भाऊ तू माझीच बाजू मांडायलास, कळतंय का? २०१९ पासनं एकच माणूस गोल मारतो अन् तो आता ४० वर्षांचा आहे. ६ जून २०२४ ला त्याला निरोप दिला, लोक रडले, मी बी रडलो खोटं कामून बोलू, आणि नऊ महिन्यांत परत बोलावलं. म्हणजे मधल्या काळात कोचनं दुसरा नऊ नंबर, म्हणजे पुढं उभा राहून गोल मारणारा स्ट्रायकर, उभाच केला नाही.

गोदाकाठची
कोचनं उभा करायचा? स्ट्रायकर काय कॅम्पच्या दहा दिवसांत तयार होतो का दादा? आयएसएलमध्ये, म्हणजे आपल्या देशातल्या लीगमध्ये, मैदानावर एका टीमचे चार परदेशी चालतात आणि बहुतेक क्लब त्यातला एक तरी पुढे स्ट्रायकर म्हणून लावतात. आपली पोरं मग विंगला जातात नाहीतर बाकावर. यंदाच्या लीगमध्ये भारतीयांत सगळ्यात जास्त गोल कुणाचे, तर ह्याच चाळिशीतल्या माणसाचे, १२. मग कोचनं काय वयाचा दाखला बघून टीम काढायची?

मार्केझवर राग असेल तर दुसऱ्या कारणासाठी असू दे. एफसी गोवा पण सांभाळायचं आणि देशाची टीम पण, हे मला पहिल्यापासून पटलेलं नाही. एका हातात दोन कढया.

बीडचा_बाप्पा
वय वय काय लावलंय. पाय चालतात तोवर खेळू द्या. आमच्या आष्टीचा साबळे ३००० मीटर पळताना अडथळे मोजत बसला असता तर ऑलिम्पिकच्या फायनलला गेला नसता.

काळ्या_रानातला
बाप्पा, साबळे एकटा पळतो. इथं दहा जणांना छेत्रीसाठी बॉल आणून द्यावा लागतो.

डावा_बॅक
तुम्ही सगळे छेत्रीवरच अडकलात, खरी मॅच मिडफिल्डमधे आहे. हमझा चौधरी उद्या बांगलादेशकडून पहिल्यांदा उतरतोय. लेस्टरचा प्लेयर, सध्या लोनवर (उसना) शेफिल्ड युनायटेडला, २०२१ ला एफए कप जिंकलेल्या टीममधला. आई बांगलादेशी, घराणं सिल्हटकडचं, म्हणजे शिलाँगचा डोंगर उतरला की खालीच. तो डिफेन्सच्या पुढं बसून बॉल हिसकावणारा माणूस आहे, आपण मधनं घुसायला गेलो की तिथंच संपतंय. त्यात ब्रँडनला मालदीवच्या मॅचमधे लागलं, तो उद्या नाही. म्हणजे मधनं बॉल देणारा एकच होता तो बी गेला.

मग करायचं काय, तर हमझाला मधेच उभा ठेवून बाजूनं जायचं. लिस्टन डावीकडनं, महेश थोडा आत, आणि बॉल लवकर क्रॉस. हमझा कितीबी मोठा असला तरी ह्या टीमसोबत पहिलीच मॅच आहे, कोण कुठं पळतं हे त्याला अजून अंगवळणी पडलेलं नसणार, पहिल्या २० मिनिटांत जोरात प्रेस करा, म्हणजे बॉल असेल तिथं अंगावर जा, तेव्हाच गडबड होईल. नंतर नाही होणार. फक्त दोन्ही फुलबॅक (कडेचे डिफेंडर) एकदम वर पाठवू नका. त्यांचा राकिब हुसेन मागं मोकळी जागाच शोधत असतो, एक लांब बॉल आणि खेळ खलास.

लातूरकर_९
हे पटलं. म्हणजे शेवटी क्रॉस अन् कॉर्नरच ना? मग वर धागेवाल्याला सांग 😄

काळ्या_रानातला
हसू नको, ऐक. आम्ही शाळेत खेळायचो ते मैदान काळ्या मातीचं, मार्च लागला की भेगा, पाय बसेल एवढ्या. जमिनीवरनं पास दिला तर बॉल कुणाच्या नडगीवर बसंल सांगता येत नव्हतं, म्हणून सरांनी एकच शिकवलं, बॉल बाहेर घालवा, कॉर्नर घ्या, उंच पोराच्या डोक्यावर टाका. तालुक्याला दोन वर्षं जिंकलो त्याच्यावर. जिल्ह्याला गेलो तर समोरच्यांनी आमच्या उंच पोराला दोघं चिकटवले अन् पुढच्या तासाभरात आम्हाला काय करावं तेच सुचंना. तेच म्हणायलोय मी. बांगलादेशचे डिफेंडर तपू बर्मन, तारिक काझी हवेत मार खाणारे नाहीत, अन् त्यांच्या कोचनं, काब्रेरानं, मालदीवची मॅच बघितलीच असंल की.

अन् उलटं बी बघ. २०१९ ला कोलकात्यात आपण गोल खाल्ला तो जमाल भुइयाँच्या फ्री किकवर, आपला गोलकीपर गुरप्रीत हवेत हात मारत राहिला. सॅफला ते दहाजण झाले होते तरी कॉर्नरवर बरोबरी केली. तुझा सेट पीस, म्हणजे हे कॉर्नर-फ्री किकचं, त्यांना बी येतो बाबा.

गोदाकाठची
तेव्हा गोलमध्ये गुरप्रीत होता, आता विशाल कैथ आहे. आणि एक कुणीच बोललं नाही, शिलाँग साधारण १५०० मीटरवर आहे. सपाट मुलखातून आलेल्यांना शेवटच्या अर्ध्या तासात दम लागणार.

डावा_बॅक
ताई, आपले तरी कुठले डोंगरातले? मिझोराम-मणिपूरची पोरं सुद्धा वर्षभर गोवा, कोलकाता, मुंबईला खेळतात. पाच दिवसांपूर्वी इथंच एक मॅच खेळली तेवढाच काय तो फायदा.

रांगडा_पन्हाळा
मराठवाड्यात फुटबॉलवर एवढी चर्चा? इकडं कोल्हापूरला या एकदा, शाहू स्टेडियमला पेठांची मॅच दाखवतो.

बीडचा_बाप्पा
आले, आले! अजून रंकाळा नाही काढला ते नशीब. राहुल भेके मुंबईचा आहे बरं का, मराठी पोराचा गोल म्हणून तरी जरा कौतुक करा.

लातूरकर_९
माझा अंदाज २-०, एक छेत्री, दुसरा कुणीबी. अन् त्या १-१ वाल्यानं स्क्रीनशॉट काढून ठेवावा. अडचण एकच, मॅच बघायची कुठं? आमच्या चौकातल्या हॉटेलात साडेसातला गुजरात-पंजाब लागणार आयपीएलची, रिमोट मालकाच्या खिशात.

काळ्या_रानातला
मोबाईलवर बघ. अन् १-१ वर मी ठाम आहे, फारतर ०-० म्हणतो. बांगलादेश १८५ नंबरला आहे म्हणून छाती फुगवू नका, अफगाणिस्तानला बी आपण असंच धरलं होतं गेल्या मार्चमधी. गुवाहाटीला १-२ नं हरून बसलो, अन् तेव्हा बी आपला एकुलता एक गोल छेत्रीच्या पेनल्टीचा.

परभणीचा_मामू
तुमचं सगळं वाचलं मियाँ. माझं म्हणणं एवढंच की डावा_बॅकनं सांगितलेली पहिली २० मिनिटंच खरी, अन् नेमकी तीच माझी हुकणार. पावणेसातच्या आसपास इफ्तार, मग नमाज, घरी टीव्हीसमोर येईपर्यंत सव्वासात होतात. कॉर्नर मिळाला की कुणीतरी इथं टाका, खजूर तोंडात ठेवूनच बघतो.