दोह्यात वाढले, आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचेत. पदवी कशात घेऊ?

दोहाकरीण: बाबांच्या नोकरीमुळे दुसरीपासून कतारच्या राजधानीत, दोह्यात. समोर सुदानी कुटुंब, शेजारी मल्याळी, वर इजिप्शियन काकू. जून २०१७ मध्ये सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले. कतारची जमिनीवरची सीमा एकट्या सौदीशीच, तीही बंद. रोजचं सौदी दूध गायब. आईने तुर्की अक्षरांची बाटली आणली आणि म्हणाली, "याला विरजण लागेल का गं?" लागलं, पण दही जरा पातळ. वरच्या काकूंची कैरोची थेट विमानं बंद. त्या मस्कतमार्गे गेल्या. तेव्हापासून माझं डोकं नकाशात. आता पुण्यात बारावी, कला शाखा. राज्यशास्त्र घेऊ की अर्थशास्त्र? आजीचं मत: बँकेच्या परीक्षा दे.

सदाशिव_पेठी: अर्थशास्त्र. तुझा प्रश्न मुळात दुधाच्या आयातीचा आहे! एमएला जेएनयू बघ. परराष्ट्र सेवेत जायचं तर यूपीएससीला कुठलीही पदवी चालते, आजीला हेही सांग.

जुना_कुवेतकर: १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला तेव्हा आम्ही अम्मानमार्गे भारतात परतलो, एअर इंडियाने. हातात एक बॅग. पदवी कुठलीही घे. अरबी किती येते?

दोहाकरीण: टॅक्सीवाल्याशी भांडण्यापुरती.

जुना_कुवेतकर: ती बोली झाली. वर्तमानपत्रातली प्रमाण अरबी, म्हणजे फुस्हा, वेगळी, ती आत्ताच शिकायला घे. व्याकरण घाम काढतं.

दोहाकरीण: बरं काका. रविवारचा वर्ग शोधते. अर्थशास्त्राचं गणित मात्र झेपेल का, हीच धाकधूक.