बाबांचे वेताळाचे अंक भिजलेत, मदत हवी आहे

मंडळी, बाबांनी शाळेत असताना जमवलेले मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे 34 अंक लालबागच्या खोलीत, माळ्यावरच्या ट्रंकेत होते. यंदाच्या पावसात माळा गळला आणि ट्रंकेत पाणी गेलं. बहुतेक सगळे वेताळाचेच (म्हणजे इंग्रजीतला फँटम, जंगलात राहणारा मुखवटाधारी नायक). 1964 साली सुरू झालेली इंद्रजाल मालिका 1990 मध्ये बंद पडली, त्यामुळे नवे आणून देता येणार नाहीत.

पंख्याखाली वाळवले, पण पानं चिकटली आहेत. एक हळूच सोडवायला गेले तर वेताळाच्या कवटीच्या अंगठीचं चित्र सोलून समोरच्या पानावर गेलं. तेव्हापासून हात लावलेला नाही. पिनांचा गंजही मधल्या पानांत उतरलाय.

लहानपणी वीज गेली की बाबा आम्हाला सांगायचे, जंगलात सगळे वेताळाला अमर समजतात, पण हा एकविसावा वेताळ, बापाची शपथ मुलगा चालवतो. आता बाबा पंचाहत्तरीचे आहेत आणि रोज विचारतात, "वाळले का गं?"

चिकटलेली पानं सोडवायचा खात्रीचा उपाय कुणी स्वतः केलाय का? पिना आत्ताच काढू का? मुंबईत जुना कागद दुरुस्त करून देणारं कुणी माहीत आहे? आणि फोर्ट किंवा किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर मराठी अंक अलीकडे कुणाला दिसले असतील तर जरूर कळवा.